नाव सांगत्यात बघ

आई, तुझं गाणं सापडलं.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण मला बातमी पोटात धरून ठेवता येत नाही. शाळेतून येताना मी अजून गल्लीत आणि माझी गोष्ट घरात, असं तूच म्हणायचीस. सापडलं म्हणजे कुणी गायलं, तो माणूस काय काम करायचा, आता त्याचे किती दात उरलेत, सगळंच सापडलं. आज सकाळी मी त्यांच्याशी फोनवर बोललो. त्यानंतर खोलीतल्या खोलीत इतक्या येरझाऱ्या घातल्या की माझा केरळचा सोबती म्हणाला, एक तर खाली बस, नाहीतर बाहेर जाऊन पळ. बाहेर ऊन असं आहे की चप्पल रस्त्याला चिकटते. म्हणून बसलो आणि वही काढली. मी मस्कतला असतो आता. तू गेलीस तेव्हा अकरा वर्षांचा होतो, कुर्डुवाडीच्या पलीकडं पाय टाकलेला नव्हता. त्याला पंधरा वर्षं झाली. हितं मोठमोठ्या इमारतींच्या छतात एसीचे पत्र्याचे डक्ट बसवतो. शुक्रवारी सुट्टी असते, आज शुक्रवार. शाळा सहावीतच सुटली, त्यामुळं लिहिण्यात चुका असतील, पण तू कुठं चुका काढणारी होतीस, तुझी चौथी पण पुरी झाली नव्हती.

कुठलं गाणं, हे तुला सांगायला नको. तरी लिहितो, लिहायला मजा वाटतेय म्हणून.

हिरवा दिवा दाव रं दादा, गाडी थांबली माळावर,
चुलीपुढं कुणी बसलंय माझ्या, एक डोळा दारावर.

दुपारची वेळ. तू भिंतीला टेकून बसलीयस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं आपली आपण विड्या वळतायत. भिंतीपलीकडं टॉवेलच्या कारखान्यातले माग खडखडतायत. आणि कोनाड्यात आपला टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकात. मी दुसरीत असताना त्याच्या आतला रबरी पट्टा तुटला होता. दुकानात नेऊ, उद्या नेऊ, असं चार दिवस चाललं, पाचव्या दिवशी तू पानं कापायची कात्री घेतलीस, सायकलच्या जुन्या ट्यूबची एक बारीक गोल चकती कापलीस, आणि पाठ उघडून आत बसवलीस. चालला की! पण ट्यूबचा पट्टा लई ताठ, आतली मोटर बिचारी बैलासारखी ओढत चालायची. विकतच्या कॅसेटमधले सगळे गाणारे जाड आवाजात, जांभया देत गायला लागले. तुझ्यासोबत विड्या वळायला येणारी पलीकडची तेलुगू काकू हसून हसून लोळायची.

"अक्का, तुमच्या टेपातली माणसं जेवून झोपल्यात वाटतं. पाणी मारा की तोंडावर."

"झोपू दे. मला कुटं गाडी पकडायचीय?" तू वर न बघता म्हणायचीस. "आणि मी सोता रेडिओवरनं भरलेलं तेवढं कसं बरोबर लागतंय बघ. विकतच्यापरीस माझंच बरं हाय."

हे तुझं बोलणं इतकी वर्षं माझ्या डोक्यात कुठल्या कोपऱ्यात पडून होतं कुणास ठाऊक. शेवटी त्यानंच कुलूप उघडलं. सांगतो, क्रमानं सांगतो.

ते गाणं तू रेडिओवरच्या कामगारांच्या कार्यक्रमातून भरून घेतलं होतंस. सुरुवातीला निवेदिका गाणाऱ्याचं नाव सांगायची, मग पेटी, मग गाणं. तू ते नाव रोज ऐकायचीस. आणि मी तिसरीत असताना ते नाव गेलं. कसं गेलं ते तुला माहीत नाही. तू ताईला म्हणालीस, ते गाडीवालं लाव. ताई कोनाड्याकडं गेली, कॅसेट मागं नेली, तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून घागर घेऊन पळाली. कोनाड्याशी मी उरलो, तू सुपात मान घालून होतीस. मी लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबली. मिनिटभरानं बंद केलं आणि मागच्या दारानं पसार झालो. तू लावून बघितलंस तर निवेदिका नाही, नाव नाही, भिंतीपलीकडच्या खडखडाटात टेपातला पण नुसता मागांचा खडखडाटच कळला, आणि मग एकदम गाणं. ताई घागर घेऊन आत आली आणि तिला एक बसली. ती म्हणाली, मी न्हाय. तू म्हणालीस, मग काय टेपानं सोताच खाल्लं? तोवर मी पुढच्या दारात येऊन उभा होतो. बोललो नाही.

त्यानंतर तेवढा भाग पुढं ढकलून तू गाणं लावायचीस. आणि नाव तुला आठवेना. रोज ऐकलेलं नाव, पण ऐकलेलंच होतं, तोंडानं कधी म्हटलेलं नव्हतं. "जिभेवर हाय गं," म्हणायचीस. दवाखान्यात, त्या शेवटच्या आठवड्यात, तू ताईला विचारलंस, ते गाडीवालं गाणं कोण गं म्हणत होतं? ताई म्हणाली, माहीत न्हाय आई. मी खाटेच्या पायथ्याशीच होतो. तेव्हापासून ते नाव माझ्या मागं लागलंय.

टू-इन-वन भंगारात गेला. कॅसेट ताईनं बांगड्यांच्या डब्यात ठेवली होती. हिकडं यायच्या आधी मी नव्या पेठेतल्या एका दुकानात ती मोबाईलमध्ये उतरवून घेतली. तिथं ऐकली आणि चमकलो, कारण आवाज बाईचा. मला तर गडीमाणसाचा आठवत होता. ताईला विचारलं, ती म्हणाली, असंल बाईचाच, आपण किती लहान होतो. मी पण मानलं.

गेल्या वर्षी माझ्या ह्या केरळच्या सोबत्यानं मला एक नवल दाखवलं. जगात असे लोक आहेत आई, की ज्यांना कुणाच्या तरी घरातलं, नावगाव नसलेलं जुनं गाणं शोधायचं वेड आहे. ओळख नाही, पाळख नाही. कुणी तरी फोनवर टाकतं, की माझ्या बापाच्या कॅसेटवर हे गाणं आहे, कुणाचं आहे? आणि शंभर जण कामाला लागतात. कुणी पेटी ऐकून सांगतं ही कुठल्या भागातली पद्धत, कुणी कॅसेटच्या फोटोवरून साल ओळखतं, कुणी जुने पेपर चाळतं. असा मराठी गाण्यांचा पण एक घोळका आहे. त्यात बेळगावची एक बाई आहे, तिनं सगळ्यांना शाळेतल्या मॉनिटरसारखं धाकात ठेवलंय. एक निवृत्त पोस्टमन आहेत, ते म्हणतात पत्ता नसलेली पत्रं पोचवायची सवय जात नाही. मी भीत भीत तुझं गाणं टाकलं. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी ऐकलं होतं! आपल्या कोनाड्यातलं गाणं, आई, चाळीस जणांनी.

आठ महिने शोधलं. सगळे गायिका शोधत होते. पोस्टमन म्हणाले, आवाज चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचा आहे. बेळगावची बाई म्हणाली, पोरीचा नाही, बारीक गळ्याची बाई आहे. त्यावरून दोघांचं चार दिवस भांडण. रेडिओवर गाणाऱ्या एका जुन्या बाईंच्या मुलीपर्यंत पोचले, ती म्हणाली, आमची आई असलं काही गायली नाही. मी कामावर शिडीवर उभा असायचो आणि खिशात फोन थरथरला की पाना हातातून सुटायचा. मुकादम म्हणायचा, लग्न ठरलंय का तुझं?

मग एक दिवस बेळगावच्या बाईनं विचारलं, "दादा, गाण्याची सुरुवात का नाही? निवेदन असणार की."

मी लिहिलं, टेपमध्ये गुंतून खराब झाली. बघ, तुझ्यासमोर गप्प राहिलो आणि तिच्याशी सरळ खोटंच बोललो.

"खराब असू दे. तेवढं पण टाका. आपण कचरा म्हणून कापतो आणि त्यातच सापडतं."

तो मिनिटभराचा तुकडा मी मुद्दाम कापून ठेवला होता. टाकायच्या आधी आपण ऐकावं म्हणून जेवता जेवता कानाला लावला. मागांचा खडखडाट, त्याच्याखाली दोन चिमण्या भांडाव्यात तसं काहीतरी किचकिच. डाव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर आपसूक ठेका धरायला लागलं आणि दोन-चार ठोक्यांतच अडखळलं. परत ऐकलं. परत अडखळलं. आई, त्या मागांच्या ठेक्यावर मी जेवलोय, झोपलोय, पाढे पाठ करून विसरलोय. आपला माग इतका पळत नाही!

घास तसाच ठेवून ताईला फोन लावला. ती अजून त्याच गल्लीत राहते, दोन घरं सोडून.

"ताई, माग चालू हायेत का?"

"हायेत की, दोन. का रं, टॉवेल पाठवू?"

"भिंतीजवळ जा, फोन भिंतीला लाव आणि मिनिटभर बोलू नको."

"मी? मिनिटभर?"

पण गेली बिचारी. मी घड्याळ लावून मोजलं. तिच्या मागाचे पाच ठोके पडतात तेवढ्यात कॅसेटमधल्या मागाचे सहा. मी म्हटलं, आत जाऊन विचार, मागाचं चाक बदललं का कधी? ती विचारून आली. मागवाले म्हणाले, "चाक तेच हाय, मोटर तीच हाय. माणसं तेवढी बदलली." आणि तेव्हा मला सायकलची ट्यूब आठवली. तुझी कात्री आठवली. मी सोता भरलेलं तेवढं बरोबर लागतंय बघ! बरोबर लागणारच की. आपला टेप हळू चालायचा, म्हणून भरायचा पण हळू आणि वाजवायचा पण हळू, घरच्या घरी हिशोब जुळायचा. दुकानातल्या धडधाकट टेपवर तीच कॅसेट पळत सुटली. माग पळाले, पेटी पळाली, आणि गाणाऱ्याचा आवाज पळून पळून बाईसारखा झाला.

फोनमध्ये वेग कमी करायची सोय असते. सहाचे पाच केले आणि लावलं. हिरवा दिवा दाव रं दादा. गडीमाणूस, आई! भरदार, जरा खरखरीत, उन्हातून आलेला गडीमाणूस. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारच्या खोलीतले धावत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

मग तो पहिल्या मिनिटाचा तुकडा हळू करून लावला. चिमण्या नव्हत्याच त्या.

"अक्का, आज गप का तुमचा गाडीवाला?"

"पोरीला लाव म्हटलंय. लावंल आता."

"कोण म्हणतंय हो ते? सिनिमातलं हाय?"

"छे गं. रेल्वेत गँगमन हाय म्हणं, आपल्या होटगीकडचा. थांब की जरा, लागंल आता. सुरवातीला नाव सांगत्यात बघ."

खट्. आणि गाणं.

मला वाटायचं तुझा आवाज मला आठवतो. नव्हता आठवत. मी कधीपासून एक बारीक, गोड आवाज धरून बसलो होतो, तो कुणाचा कुणास ठाऊक. तुझा तर जाड आहे, तंबाखूच्या धुळीनं बसलेला, आणि 'बघ' म्हणताना तू हसतेस. तू काकूला नाव ऐकायला थांबवून ठेवतेयस, आणि दोन हातांवर माझं बोट तेच नाव पुसतंय. आणि होटगी! तू आम्हाला नुसतं नाव विचारायचीस, गाव कधी बोलली नाहीस. आम्ही पण विचारलं नाही.

घोळक्यात टाकलं. बेळगावच्या बाईनं लिहिलं, "अरे देवा, आठ महिने आपण एका गँगमनला साडी नेसवून हिंडवलं." पोस्टमननी होटगीच्या त्यांच्या ओळखीच्या पोस्टमनला फोन केला, त्यानं गावात चार ठिकाणी ऐकवलं, आणि तिसऱ्या दिवशी एका मुलीनं मला लिहिलं, हे आमचे आजोबा आहेत, अंघोळीला बसले की हेच म्हणतात.

आज सकाळी तिनं त्यांना फोन दिला. आधी तिनं त्यांना गाणं ऐकवलं, मी हिकडून कान लावून होतो. गाणं संपलं. म्हातारबाबा म्हणाले, "लई बरा म्हणत हुतो की मी."

त्यांनी ते कधीच ऐकलं नव्हतं, आई. आवाज भरून घ्यायला रेडिओवाल्यांनी बोलावलं, एकदाच. लागलं त्या दिवशी सगळ्या गावानं ऐकलं, हे लाईनीवर कामाला. जावयाला सांगून ठेवलं होतं, भरून घे. "जावयानं कॅसेट उलटी घातली. सासूनं चार वर्सं त्याला पुरणपोळी वाढली न्हाय." आणि हसले. मग म्हणाले, "पण पोरा, सुरवात कुटं हाय? माझं नाव घेतलं हुतं. बापाच्या नावासकट. आमच्या अख्ख्या घराण्यात रेडिओत नाव आलेला मी एकलाच. ते ऐकव की."

तू विचारलंस तसंच ह्यांनी विचारलं. ह्या वेळी बोललो. म्हटलं, "आजोबा, ते मी पुसलं. लहान होतो, चुकून बटण दाबलं गेलं."

तिकडं मागं गाडी येत होती, धडधड वाढत गेली, गेली, लांब गेली. मला वाटलं फोन ठेवला. मग कळलं, ते गाडी जायची वाट बघत होते. गाडी जाईस्तवर गप उभं राहायचं, लाईनीवरची सवय.

"मग तितं आता काय हाय?"

"आमचं घर हाय. माग हायेत. आमची आई बोलतीय. ती आता नाही."

"मग ऐकव की."

ऐकवलं. तुझं शेवटचं बोलणं झालं तसं म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग म्हणाले, "अरं, ती बाई नाव सांगत्यात म्हणून शेजारणीला थांबवून बसलीया, आणि नाव येतच न्हाय. हे काय बरं दिसत न्हाय. फोनमधी आवाज भरता येतो न्हवं? दाब बटण. आणि नीट दाब बरं का, तुझा भरवसा न्हाय."

मी दाबलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला. नातीला म्हणाले, पंखा बंद कर. आणि मग आवाजच बदलला, एकदम कडक इस्त्रीची भाषा. श्रोते हो, यानंतर आपल्याला एक लोकगीत ऐकवणार आहेत, राहणार होटगी, रेल्वेतील गँगमन, श्रीयुत. आणि नाव. बापाच्या नावासकट.

ते मी जोडलं. तुझ्या बोलण्याच्या नंतर आणि गाण्याच्या आधी, बरोबर मधे. तुझ्यावर घातलं नाही, तुझं एक अक्षर हलवलं नाही. आता तू म्हणतेस, सुरवातीला नाव सांगत्यात बघ, आणि नाव सांगतात. घोळक्यात टाकायच्या आधी आजोबांना पाठवलं. नात सांगत होती, तेव्हापासून दारात बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ऐकवतायत. नाव मी हितं लिहीत नाही. ते तुला ऐकायचं होतं, वाचायचं नव्हतं.

ताईला अजून फोन केलेला नाही. आधी ऐकवणार, मग ती हसत असतानाच सांगणार, की ती तुझी चापट माझी होती. ती काय म्हणेल माहीत नाही. आणि ही वही काही कुठं जायची नाही, ट्रंकेत कपड्यांखाली राहील. म्हणून एक लिहून ठेवतो, जे आजोबांना सांगितलं नाही आणि ताईला सांगताना पण बहुतेक जीभ वळणार नाही. चुकून म्हणालो मी. चुकून नव्हतं. लाल बटणानं काय होतं ते मला चांगलं माहीत होतं, तूच दाखवलं होतंस. ते गाणं लागलं की मी कितीही हाका मारल्या तरी तू ओ देत नव्हतीस.